पडद्यापलीकडची सीट

"हा पास माझा नाही," स्टेनो विमानतळाच्या काउंटरवरच्या मुलीला म्हणाला. "साहेबांचा दिलात मला."

मुलीने पास हातात घेऊन पुन्हा पाहिला. "नाव तुमचंच आहे. पुढचा वर्ग, दुसरी रांग. तुमचे साहेब बाराव्या रांगेत, वाटेकडच्या सीटवर."

"म्हणजे उलटं झालंय."

"उलटं काही नाही. त्यांनीच काल फोन करून तुमची सीट बदलून घेतली. स्वतःचे विमानप्रवासाचे साठलेले पॉइंट वापरलेत."

एकोणीस वर्षांत साहेबांनी कुणाला सुखासुखी पेन्सिलीचा तुकडाही दिला नव्हता.

सगळे त्याला स्टेनोच म्हणत. लघुलिपी केव्हाच मोडीत निघाली, नाव तेवढं चिकटून राहिलं. पाठीमागे ‘शेपूट’ही म्हणत, आणि ते त्याला ठाऊक होतं. साहेबांच्या आधी दारातून जायचं नाही. त्यांनी मागवल्याशिवाय आपला चहा मागवायचा नाही. प्रवासात त्यांचा डोळा लागल्याशिवाय आपण डोळे मिटायचे नाहीत. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, अंगवळणी पडलं होतं.

महिन्याभरात ऑफिस बंद व्हायचं होतं. साहेब समुद्रापलीकडच्या नव्या ऑफिसात जाणार होते आणि सोबत एकच माणूस नेता येणार होता. कोण, ते त्यांनी अजून सांगितलं नव्हतं. स्टेनो पन्नाशी ओलांडलेला, घरात एकटा. संध्याकाळी कुलूप उघडलं की तो आधी रेडिओ लावायचा आणि मग बूट काढायचा. घरात कुणाचा तरी आवाज हवा. साहेबांची कामं गेली, तर दिवसभरात त्याला हाक मारणारं कुणी उरणार नव्हतं.

सकाळीच ताईचा फोन आला होता.

"अरे, तोंड उघडून विचार की एकदा! बायको असती तर तिलाही इतका घाबरला नसतास."

"विमानात विचारतो. शेजारीशेजारी असू, तीन तास."

"तीन तास त्यांचा चष्मा पुसत बसशील. ओळखते तुला."

आता विचारायची गरजच उरली नव्हती. ज्याला मागे सोडून जायचं, त्याच्यावर कुणी असे पॉइंट उधळतं का? विमानाची शिडी चढताना स्टेनोला पहिल्यांदाच हातातल्या दोन्ही बॅगा हलक्या वाटल्या.

साहेब बाराव्या रांगेत बसून पट्टा बांधत होते. शेजारची मधली सीट रिकामी होती. स्टेनोने त्यांची बॅग वर ठेवली आणि तिथेच उभा राहिला.

"साहेब, हे काही बरं दिसत नाही. तुम्ही मागे आणि मी पुढे?"

"बस रे जाऊन. कधी नव्हे ते मिळालंय."

"लोक शेण घालतील माझ्या तोंडात."

"कोण लोक? इथे कोण ओळखतंय तुला?" साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग वळून विमानाच्या मागच्या दाराकडे. "जा म्हणतो ना."

इतका आग्रह स्टेनोला आजवर कुणी जेवायलाही केला नव्हता. पण माणूस मोठेपणा दाखवतो, तेव्हा आपण आपली पायरी ओळखावी. त्याने जवळून जाणाऱ्या हवाई सुंदरीला थांबवलं.

"मॅडम, माझी पुढची सीट साहेबांना द्या. त्यांचा गुडघा दुखतो. डॉक्टरांनी पाय लांब ठेवायला सांगितलंय. ते भिडेखातर बोलत नाहीत."

"अहो, माझा गुडघा ठणठणीत आहे!" साहेब म्हणाले.

"परवाच जिना चढताना कण्हलात, साहेब."

हवाई सुंदरी हसली. "या ना सर. पुढे ऐसपैस जागा आहे."

"मी इथेच बरा आहे."

एव्हाना वाट अडली होती. मागून एक माणूस ओरडला, "काका, तुमचं ‘पहले आप’ आटपा की! आम्हालाही आजच पोचायचंय." दोनतीन जण हसले. हवाई सुंदरीने साहेबांचा पट्टा सोडवायला हात पुढे केला, तसे साहेब लाल होत उठले. स्टेनोच्या जवळून जाताना दातओठ खात पुटपुटले, "तुला कधीच काही कळणार नाही."

"कळतं, साहेब," स्टेनो हळूच म्हणाला. "सगळं कळतं."

साहेब पुढे गेले आणि त्यांच्या मागे पडदा ओढला गेला. स्टेनो त्यांच्या सीटवर बसला. सीट अजून उबदार होती. ताईला काय सांगायचं, याची तो मनातल्या मनात जुळवाजुळव करू लागला. पुढच्या दाराची शिडी काढून झाली होती. फोन बंद करायच्या सूचना सुरू झाल्या.

शेवटच्या क्षणी मागच्या दाराने एक तिशीची बाई धापा टाकत आत आली. खांद्याला लॅपटॉपची बॅग होती. नंबर वाचत वाचत ती बाराव्या रांगेशी थांबली आणि एकदम हसली.

"नमस्कार साहेब! बारावी रांग, वाटेकडची सीट म्हणाला होतात, म्हणून लगेच ओळखलं. फोनवरच्या आवाजावरून मला वाटलं होतं, तुम्ही चांगले उंचपुरे असाल."

स्टेनो तिला वाट द्यायला उठला. चूक सांगायला त्याने तोंड उघडलं होतं. पण साहेब अशी हाक त्याला उभ्या जन्मात कुणी मारली नव्हती. अर्धं मिनिट ऐकून घेऊ, मग सांगू. त्यात कुणाचं काय जातंय?

"बसा," तो म्हणाला. अगदी साहेबांसारखा.

ती मधल्या सीटवर बसली. पट्टा बांधला. मान उंच करून पडद्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बरं झालं साहेब, तुम्ही तुमच्या स्टेनोंना पुढे बसवायचं जमवलंत. नव्या ऑफिसात त्यांच्याऐवजी मी येणार, हे त्यांच्या देखत कसं बोलणार होतो आपण?"