ऑर्विलचा ट्रॅक्टर

पिस्टन जागचा हलत नव्हता. व्हर्लिनने प्लगच्या भोकातून पुन्हा थोडं तेल ओतलं आणि हात पुसत स्टुलावर बसला.

शेडच्या दारात शेजारची मार्लिस उभी होती. हातात झाकलेलं भांडं. खिमा, वर बटाटे, त्यावर चीज.

"अजून त्याच्याच मागे आहेस?"

"हं."

"बागेतलं गवत कापायचं खेळणं ते. इतकी वर्षं गंजत पडलंय. आता त्याच्याकडून काय पाहिजे तुला?"

"दफनभूमीपर्यंत जायला पाहिजे."

मार्लिसने भांडं बाकावर ठेवलं. "दुसऱ्या कोणी हे केलं नसतं," ती म्हणाली. "गरम असताना खा. मागच्या वेळचं कुत्र्याला घातलंस, माहितीये मला."

"कुत्र्यानेही अर्धंच खाल्लं."

"तुला जगवायचं म्हणजे शिक्षाच आहे," असं म्हणून ती गेली.

आर्डिथ जानेवारीत गेली. मिनेसोटाच्या या टोकाला जानेवारीत जमिनीवर कुदळ मारली तर कुदळच परत येते. हिवाळ्यात गेलेल्यांना दफनभूमीच्या दगडी कोठीत ठेवतात आणि जमीन मऊ झाली की पुरतात. पाद्रीबुवांनी मेचा पहिला शनिवार सांगितला होता. तोवर ट्रॅक्टर चालू व्हायला हवा होता.

इस्पितळात ती म्हणाली होती, "त्या लांब काळ्या गाडीत मला घालू नकोस. मला मळमळतं. ऑर्विलचा ट्रॅक्टर चालू कर, मागे गाडा जोड आणि त्यावरून ने."

"तो नाही चालू व्हायचा, आर्डिथ."

"तू करशील."

तो बरं म्हणाला. दुसरं काय म्हणणार.

ट्रॅक्टर तिच्याकडे वारशाने आला होता. तिने तो कधी विकू दिला नाही आणि कोणाला चालवूही दिला नाही. लग्नानंतर व्हर्लिनने गवत कापायला दुसरं यंत्र आणलं, ते शेडबाहेर ताडपत्रीखाली राहायचं. आतली जागा ट्रॅक्टरची.

तेल मुरलं आणि मार्चमध्ये एका सकाळी पिस्टन सुटला. मग पंख्याच्या झाकणाखाली उंदरांचं घरटं निघालं. कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता, तो त्याने तारेने कोरून काढला. पट्टा हातात घेतला तर तुकडे पडले. नवा पट्टा आला, पण तो आखूड निघाला. परत पाठवून दुसरा मागवला.

रविवारी आर्डिथचा मुलगा कर्टिस डुलुथहून यायचा आणि बॉनेटवरचा लाल रंग घासून उजळ करत बसायचा.

"मला मांडीवर बसवून स्टिअरिंग माझ्या हातात द्यायचे," कर्टिस एकदा म्हणाला. "एकदा मी सगळे टोमॅटो चिरडले. आईने दोघांनाही त्या रात्री नुसता ब्रेड दिला."

"सांगितलंय तिने."

"तुम्हाला सांगितलं होतं?"

"बऱ्याच वेळा."

कर्टिस हसला. व्हर्लिन वाकून नटाला पाना लावत होता. नट आधीच घट्ट होता.

एप्रिल संपता संपता, एका दुपारी, ट्रॅक्टर चालू झाला. आधी खोकला, मग काळा धूर, मग एकसारखा आवाज. व्हर्लिन हात खाली सोडून ऐकत राहिला. मग त्याने इंजिन बंद केलं, प्लगची तार उपसली आणि खिशात घातली.

तासाभराने कर्टिस आला. शनिवारसाठी सुट्टी काढून आला होता.

"झाला का?"

"नाही."

"धुराचा वास येतोय."

"शेगडीचा."

कर्टिस ट्रॅक्टरजवळ गेला आणि बॉनेटवर हात ठेवला. पत्रा अजून कोमट होता. मग हात उचलला.

"मग त्या गाडीवाल्याला फोन करू?"

व्हर्लिनने खिशातली तार चाचपली.

"मी तुमच्यावर रागावणार नाही," कर्टिस म्हणाला. "कोणीच रागावणार नाही. तिने हे तुमच्याकडे मागायला नको होतं."

"तिने माझ्याकडेच मागितलं."

"म्हणून तर म्हणतो."

"कॉफी ठेव जा," व्हर्लिन म्हणाला. "आणि गाड्याच्या चाकांत हवा भर. डावं बसलंय."

शनिवारी उन्हात वारा गार होता. शवपेटी गाड्यावर दोरांनी बांधली. व्हर्लिन कोट घालून, टाय लावून ट्रॅक्टरवर बसला. चालणाऱ्या माणसाच्या चालीने ट्रॅक्टर निघाला. मागे लोक पायी. चढावर इंजिन दमलं, तेव्हा सगळे थबकले. व्हर्लिनने हळूच पेट्रोलची मूठ ओढली आणि ते पुन्हा लागलं. मागून मार्लिस म्हणाली, "चल रे बाबा, थोडंच राहिलंय," ते ट्रॅक्टरला की त्याला, कळलं नाही.

दफनभूमीत नवा खड्डा तयार होता. व्हर्लिनने ट्रॅक्टर त्याच्या कडेला नेऊन उभा केला.

खड्ड्याच्या डोक्याशी जुना दगड होता, दोघांचा. इकडे जोडीतलं एक गेलं की मागे राहिलेल्याचंही नाव तेव्हाच कोरून घेतात. डावीकडे ऑर्विल नोर्डाल, दोन्ही सालं. उजवीकडे, तितक्याच झिजलेल्या अक्षरांत, 'पत्नी आर्डिथ', जन्माचं साल, एक आडवी रेघ आणि पुढे मोकळी जागा.

कर्टिसने टोपी काढली आणि दगडाशी वाकला.

"बाबा," तो म्हणाला, "आईला आणलंय."