ओठांची पारख

खट्कन डब्याचं झाकण उघडलं आणि दुपारची सामसूम मोडली. पॅरालिसिसनंतर बाबा पहिल्यांदाच नातीला घेऊन जेटीवर गळानं मासे गरवायला निघाले होते. "अजून जमतंय का, बघू दे मला," म्हणाले.

माझ्या लहानपणी गळ बांधण्याआधी ते तंगुसाचा दोरा ओठांवरून सावकाश ओढायचे. "खडकावर घासून पडलेला चरा डोळ्यांना दिसत नाही, बाय. ओठांना कळतो." मलाही ओढून बघायचा असायचा, तर म्हणायचे, "तू टोपली सांभाळ!" अख्खी जेटी आपापला तंगूस त्यांच्याकडून पारखून घ्यायची.

आजही त्यांनी डब्यातला एकेक तंगूस ओठांवरून ओढला, पण तोंडाच्या बधिर बाजूनं. "हा घे. लोण्यासारखा आहे!" ते खुशीत म्हणाले.

गुंडाळायच्या निमित्तानं मी पाठ फिरवली आणि हळूच तो माझ्या ओठांवरून ओढला. तीन ठिकाणी खरखरला. जरा मोठा मासा लागला, की तिथेच तुटणार.

वळले, तर बाबा माझ्याकडेच बघत होते. लेकीनं माझा हात हलवला.

"आई, आजोबांनी बरोब्बर निवडलाय ना?"