डबा रिकामा करणारा माणूस

उजाडताना मर्ल हाउगलंडला जाग आली तेव्हा गाडी नॉर्थ डकोटाच्या माळावरून धावत होती आणि बसायचा अख्खा डबा रिकामा होता. रात्री इथेच मुंगी शिरायला जागा नव्हती. काय झालं असेल ते मर्लने ओळखलं. त्याच्या घोरण्याला वैतागून बायकोने आपलं अंथरूण तळघरात हलवलं, त्यालाही बारा वर्षं होऊन गेली होती.

तिकीट तपासणारी लोरेटा समोरून येताना दिसली, तसा तो खजील होऊन म्हणाला, "बाई, माझ्यामुळे लोकांचे हाल झाले. फरक भरतो, मला एखादी निजायची केबिन द्या. दार घट्ट लावून घेईन."

"एकही उरली नाही. आठ महिने रिकाम्या पळत होत्या, काल रात्री तासाभरात सगळ्या गेल्या. शेवटचीसाठी तर दोघांनी एकमेकांची गचांडी धरायची वेळ आली."

"मग पुढच्या स्टेशनात उतरून जाऊ का?"

"उतरताय कुठे?" लोरेटाने हलकेच त्याच्या मानेखाली उशी सरकवली. "सिएटलहून परत येताना आमच्याच गाडीने या. तिकीट आमच्याकडून. हाच डबा, अगदी मधली सीट. फक्त तोवर औषधपाणी काही करू नका."