हलकी नळी

“वेंडेलला ती बंदुकीची नळी विकू नकोस,” लोर्ना नवऱ्याबद्दल म्हणाली आणि हकलबेरीच्या मुरंब्याची बरणी तिनं काउंटरवर पुढे सरकवली.

ऑरिननं बरणीकडे पाहिलं. “लाच का?”

“लाचच. कमी पडत असेल तर अजून एक घरी आहे.”

ऑरिन हसला, ती हसली नाही. डावा हात तिनं छातीशी धरला होता. दोन वर्षांपूर्वीच्या ऑपरेशननंतर तिला बरणीचं झाकणसुद्धा उजव्या हातानं उघडायला शिकावं लागलं होतं. ऑरिननं हे बंदुकांचं दुकान घेतलं ते त्यानंतर, त्यामुळे त्यानं तिला पाहिलं ते असंच.

“रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना सोडतीत निघाला तर जन्मात एकदा,” ती म्हणाली. “दर वसंतात आम्हा दोघांचे अर्ज वेंडेलच भरतो. माझं नाव काही कधी निघालं नाही. त्याचं निघालं, तेही हृदय बिघडल्यावर. परवाना मला दाखवत पण नाही. कपाटात कुलपात ठेवलाय, मी फाडून टाकीन म्हणून. टाकलाही असता.”

“मग दुसऱ्या कोणाला पाठवा की डोंगरावर.”

“ज्याच्या नावावर परवाना, त्यानंच गोळी झाडायची. तुला माहीत नाही होय? जुन्या रायफलीचं धूड घेऊन चढणं होणार नाही हे त्यालाही कळतं. पण हलकी नळी मिळाली तर जाईल, आणि तिकडेच राहील.” तिनं काउंटरला टेकून घेतलं. “माझं दुखणं परत आलंय, ऑरिन. आता फार दिवस नाहीत. माझ्याआधी तो जायला नको. शेवटी घरात एकटीला राहायची मला भीती वाटते.”

ऑरिननं शब्द दिला. बिचारा दुसरं काय करणार होता!

दुपारी वेंडेल आला. त्याची रायफल कामाच्या टेबलावरच होती, जुनी नळी काढून ठेवलेली. आठवड्यापूर्वी त्यानं तिचा लाकडी दस्ता चांगला दीड इंच कापून आखूड करून घेतला होता, आणि गाल टेकवायची गादी उजव्या बाजूला बसवून घेतली होती. वयानं माणूस आकसतो, ऑरिनला वाटलं. उजवा डोळाही गेला असेल, म्हणून आता डाव्या खांद्यावर धरत असेल. म्हाताऱ्यांना असलं विचारलेलं आवडत नाही, म्हणून त्यानं विचारलं नव्हतं.

वेंडेलनं नवी नळी उचलली. आत पातळ पोलाद, वरून काळ्या कार्बन फायबरचा वेढा. चुलीची फुंकणी उचलावी तशी ती त्यानं दोन बोटांत उचलली आणि त्याचा चेहरा उजळला.

“हजार डॉलर,” ऑरिन म्हणाला. “तेवढ्यात बरा घोडा येईल तुम्हाला.”

“घोडा गोळी झाडतो का रे?”

“नेम काही सुधारत नाही हिच्यानं. पोलादी नळी गोळी जिथे लावते तिथेच ही लावणार. दीड पौंड वजन कमी होतं, बाकी सगळं कौतुक जाहिरातीतलं.”

“नेमाचं मला सांगू नकोस. नेमात खोट नाही.” वेंडेल पुढे झुकला. “दुबळा खांदा असला तर पेलेल का, ते सांग.”

“तुमच्या हृदयाला—”

“हृदय घाल चुलीत. मी खांद्याचं विचारतोय.”

ऑरिननं मान खाली घातली. “उचलायला पेलेल. पण बंदूक जितकी हलकी, तितका तिचा धक्का मोठा. दुबळा खांदा निखळून येईल.”

हे खोटं नव्हतं. फक्त पुढचं तो बोलला नाही. नळीच्या तोंडाशी भोकं पाडलेला एक छोटा ब्रेक बसवला की धक्का निम्मा होतो. तसले ब्रेक त्याच्या गुडघ्याशी असलेल्या खणात पडले होते.

“काहीतरी उपाय असेल,” वेंडेल म्हणाला. “तू कारागीर ना? डोकं चालव.”

“पुढच्या वर्षी बघू.”

“पुढचं वर्ष नाहीये, पोरा.” म्हाताऱ्याचा आवाज फाटला. “मी तुझ्या पाया पडू का? एकदाच वर न्यायचंय. एकच गोळी.”

ऑरिनला खण उघडावा असंही एकदा वाटलं. मग त्याला मुरंब्याची बरणी दिसली.

“नाही जमायचं,” तो म्हणाला.

वेंडेल बराच वेळ नळी कुरवाळत राहिला. डोळ्यांतलं पाणी त्यानं पुसलंही नाही.

“बरं झालं, घरी बोललो नव्हतो,” तो पुटपुटला. नळीबद्दल म्हणत असेल, ऑरिनला वाटलं. “परवाना देऊन टाकतो परत. ही रायफल राहू दे इथेच. मला नको दिसायला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लोर्ना दुसरी बरणी घेऊन आली. तिचे डोळे सुजले होते, पण चेहरा मोकळा होता.

“रात्रभर लहान मुलासारखा रडला. पण नाही जात म्हणाला. देव तुझं भलं करो.”



तिची नजर टेबलावरच्या नळी काढलेल्या रायफलीवर गेली. “अगं बाई, ही इथेच का? किती डोंगर तुडवले मी हिला घेऊन.” तिनं ती उचलली, आणि विचार न करता डाव्या खांद्याला लावली. दुखरा हात जेवढा वर गेला तेवढा पुरला. गाल गादीवर अलगद टेकला, बोट आपसूक चापावर गेलं.

“किती हलकी झाली रे,” ती म्हणाली. “आणि बसली बघ कशी, मला मापून केल्यासारखी.” मग तिनं गाल उचलून दस्त्याकडे पाहिलं.

“पण ऑरिन, वेंडेल तर उजव्या खांद्यावर धरतो. आणि परवान्यावरचं नाव त्यानं मला पाहूच दिलं नाही.”