जगाच्या वयावर तलाक

जावयानं बायको पणाला लावली, आणि तीही जगाच्या वयावर. घोड्यावर लावली असती तर निदान घोडा तरी डोळ्यांना दिसला असता, असं उम्म जाबिरचं म्हणणं.

कर्ख पेठेच्या बाजारात युनानी तत्त्वज्ञांच्या पुस्तकांचं एक दुकान आहे. दुपारी तिथं बिनकामाचे विद्वान जमतात. काल वाद पेटला. जग देवानं एके दिवशी निर्माण केलं, की ते देवासोबत पहिल्यापासून आहेच? उम्म जाबिरचा घरजावई नुऐम म्हणाला, आहेच. समोरचा हसला. हसल्याबरोबर नुऐमनं मूठ आपटली. "जगाला सुरुवात असेल तर माझ्या बायकोला तीन तलाक."

बोलून मोकळा झाला आणि जेवायला घरी आला.

बातमी त्याच्या आधी पोचली होती. लुबाबा, म्हणजे उम्म जाबिरची मुलगी, मसुरीचं भांडं घेऊन दारात उभी होती. समोरचा नवरा आहे की परका पुरुष, हे तिला ठरवता येईना. म्हणून तिनं अर्धंच तोंड झाकलं होतं. वाढलं एका डोळ्यानं, रडली मात्र दोन्ही डोळ्यांनी. तिला हाच नवरा हवा होता. आता लेकीची निवड अशी, त्याला आई काय करणार.

सकाळी तिघं मशिदीत काझीपुढे गेली. मागून अख्खी गल्ली आली. बायका तर चूल विझवून आल्या.

काझी भला माणूस होता. त्यानं बराच वेळ दाढी कुरवाळली. "जग अल्लानं निर्माण केलं," तो म्हणाला. "म्हणजे सुरुवात आली. म्हणजे तलाक लागला. मला वाईट वाटतं."

"पण ते सिद्ध कुठं झालंय?" नुऐम पुढे सरसावला. "माझ्याकडे पुरावे आहेत की..."

उम्म जाबिरनं त्याची बाही धरून मागे ओढलं. "बायको सोडवायला आलास, मुंडकं इथंच ठेवून जाशील. मशिदीत उभा आहेस, पुस्तकाच्या दुकानात नाही." मग ती काझीकडे वळली. "काझीसाहेब, मी अडाणी बाई. एवढंच सांगा, वेड्यानं तलाक दिला तर लागतो का?"

"नाही. झोपेतल्याचा नाही, अजाण पोराचा नाही, वेड्याचा नाही."

"मग झालं. हा वेडा आहे."

नुऐमचा चेहरा पडला. "सासूबाई, माझ्याकडे घर नाही, जमीन नाही. बुद्धी तेवढी आहे. सगळी गल्ली बघतेय."

"बघू दे. तू तुझ्या बायकोकडे बघ."

त्यानं बघितलं. लुबाबाचा एकच डोळा दिसत होता, आणि तो भरून आला होता. नुऐम काझीकडे वळला. मग घसा खाकरून म्हणाला, "जो माणूस आभाळाच्या वयावर बायको लावतो तो वेडा. मी लावली. सबब मी वेडा."

काझीनं कपाळाला हात लावला. "अरे, एवढं सरळ बोलणारा वेडा कसा असेल? साक्षीदार आणा. एका पुरुषाच्या जागी दोन बायका चालतील."

बायका कमी नव्हत्याच. तंदूरवाली सवदा पुढे आली. "हा माझ्या तंदूरपाशी येऊन म्हणाला, भाकरी आग भाजते, की आगीजवळ गेल्यावर अल्लाच भाजतो? त्याचं ऐकत बसले आणि सगळ्या भाकऱ्या करपल्या."

काझी खोकला. हा प्रश्न त्याच्या स्वतःच्या गुरूंचा होता. "पुढची साक्ष," तो घाईनं म्हणाला.

विणकराची विधवा आली. "मी नदीवरून पाणी आणत होते. हा विचारतो, घागरीचं घागरपण घागरीत असतं की तुझ्या डोक्यात? म्हटलं, डोक्यावर आहे आणि जड आहे, वाट सोड."

मशिदीत हशा पिकला. मग उम्म जाबिर स्वतः उभी राहिली. "छत गळत होतं. म्हटलं, बाबा, वर चढ आणि चिखल लिंप. तर हा खाली बसून गळतीचं कारण शोधायला लागला. पावसावरून ढगावर गेला, ढगावरून चंद्रावर, तिथून थेट पहिल्या कारणापाशी पोचला. आम्ही मायलेकी रात्रभर गळतीखाली भांडी धरून बसलो."

काझीला आणखी ऐकायची गरज वाटली नाही. "वेडा आहे," त्यानं निकाल दिला. "तलाक लागलेला नाही. निकाह कायम."

लुबाबानं ओढणी खाली केली. नुऐम रडतही होता आणि हसतही होता, त्यामुळे निकाल आणखीच पटण्यासारखा झाला.

"थांबा," काझी म्हणाला. "वेड्याला पालक लागतो. पालकाला विचारल्याशिवाय यानं शपथ घ्यायची नाही, सौदा करायचा नाही, वादाला बसायचं नाही. याचे वडील?"

"वारले," लुबाबा म्हणाली.

काझीनं इकडेतिकडे पाहिलं. उम्म जाबिर आधीच पुढे येऊन ओढणी सावरून उभी होती.

नुऐमचं हसू विरलं. "काझीसाहेब," तो हळूच म्हणाला, "मला आता बरं वाटतंय."

"बरं वाटत असेल तर तलाकाचं परत बघावं लागेल."

"मग तेवढं बरं नाही वाटत."

उम्म जाबिरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेनं, आणि त्याला दाराकडे वळवलं.

"चल घरी. आजपासून तुझी अक्कल माझ्या ताब्यात. लागली तर माग. काम काय आहे ते बघून देईन."