पेपरमिंटवाल्याचा इलाज

पेपरमिंटवाल्याने साच्यातून काढलेली गोळी डॉक्टरबाईंच्या गोळीशेजारी ठेवली. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही सारख्याच चपट्या. औषधाची कुठली आणि साखरेची कुठली, हे क्षणभर त्यालाही कळेना. स्वतःच्या हातावर तो बेहद्द खूश झाला. वास येऊ नये म्हणून अर्क तेवढा त्याने घातला नव्हता.

खाली त्याचा पेपरमिंटच्या गोळ्यांचा छोटा कारखाना, वर घर. वर्षभर त्या घराची रया गेली होती. पाळी बंद झाल्यापासून बायको भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. कधी छातीत धडधडतंय म्हणायची, कधी नुसतीच रडायची. शेवटी डॉक्टरबाईंनी दोन बाटल्या दिल्या, एक हृदयाच्या गोळ्यांची आणि एक मनाच्या.

"या वयात ही दोन्ही दुखणी एकमेकांना वाढवतात," त्या म्हणाल्या होत्या. "एकही गोळी चुकवायची नाही."

हृदयाच्या गोळीबद्दल त्याची तक्रार नव्हती. हृदय काय, कोणाचंही बिघडतं. मनाची गोळी मात्र त्याच्या घशाखाली उतरेना, आणि घ्यायची होती बायकोने. त्याच्या आईने पाच मुलं वाढवली. तिची पाळी कधी गेली याचा घरात कोणाला पत्ताही लागला नव्हता. ही नवी थेरं कशाला? घरी येताच त्याने मनाच्या बाटलीवरचं लेबल नखाने खरवडून काढलं.

"ही कपाटात चादरींमागे ठेव," त्याने बजावलं. "ताईच्या हाती लागली तर थेट तिच्या जावयाकडे नेईल. त्याचं मेडिकलचं दुकान, गोळी बघून ओळखेल. मग माझी बायको वेडी म्हणून सगळीकडे बभ्रा."

"बरं," बायको म्हणाली. तेवढंच.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आली की आधी कपाटं उघडायची आणि मग तब्येत विचारायची. हृदयाची बाटली उघड्यावर, जेवणाच्या टेबलावर राहिली. तिच्यात लपवण्यासारखं होतंच काय?

साच्यातली गोळी जमली त्या दिवशी बायको आंघोळीला गेली तशी त्याने चादरींमागची बाटली मोरीत रिकामी केली, वरून पाणी सोडलं आणि त्यात आपल्या गोळ्या भरल्या. बायको दोन्ही गोळ्या एकदम तोंडात टाकून पाण्याबरोबर गिळायची. चव बघायचा प्रश्नच नव्हता.

आणि काय सांगावं, बायको हळूहळू उठून बसली. खिडक्या उघडू लागली, केस विंचरू लागली. एकदा तर त्याच्याशी कडाकडा भांडली. ती भांडली म्हणजे बरी झाली, हे त्याला इतक्या वर्षांच्या संसारातून पक्कं ठाऊक होतं. जिना चढताना ती मध्येच बसायची, पण वय झाल्यावर कोण बसत नाही? जबडा दुखतो म्हणाली, तेव्हा त्याने ते दातांवर ढकललं. जन्मभर घरच्या गोळ्या चघळल्यावर आणखी काय होणार? जीव तर त्याचा तिच्यावर होताच. ती हसली की त्याला बरं वाटायचं, आणि हे आपण केलं म्हणून जरा जास्तच बरं वाटायचं.

ताई आली त्या दुपारी बायको स्वतः खाली उतरली आणि तिची जड पिशवी उचलून वर घेऊन आली. चेहरा घामाने डबडबलेला, पण हसरा.

"अरे, ही तर पार बदलली," ताई भावाला म्हणाली. "केलंस तरी काय?"

तो याच प्रश्नाची वाट बघत होता. आता झाकून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. औषधाशिवाय बरी झालेली बायको वेडी कशी असेल?

"डॉक्टरबाई हिला मनाच्या गोळ्या चारत होत्या," तो छाती फुगवून म्हणाला. "मी त्या मोरीत ओतल्या. इतके दिवस ही माझ्या साच्यातली साखर खातेय. बघ, कशी टुणटुणीत झाली. मनाचं बिनाचं काही नव्हतंच."

ताई पोट धरून हसली. बायकोही हसायला लागली आणि मध्येच थांबली. तिने टेबलाची कड धरली.

"साखर कुठल्या बाटलीत भरलीत?"

"चादरींमागच्या. दुसरी कुठली?"

ती सावकाश खुर्चीत टेकली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"ताई ती बाटली जावयाला दाखवतील, असं तुम्हीच म्हणालात ना," ती म्हणाली. "म्हणून पहिल्याच दिवशी मी हृदयाच्या गोळ्या चादरींमागे ठेवल्या. मनाच्या इथे टेबलावर आहेत, हृदयाच्या बाटलीत."