खामकाठचा डबा

डबा करंजाच्या ढोलीतच होता, पण झाकण तुटलेलं आणि आतले कागद वाळवीने फस्त केलेले. सुदर्शनने तो बाहेर ओढला, तोच मागे काठी आपटल्याचा आवाज झाला.

"हात लावू नको. माझ्या आदिनाथचा हाय त्यो."

हर्सूलकडच्या खाम नदीकाठच्या झाडीत मेंढ्या राखणारी म्हातारी होती, कस्तुराबाई. सुदर्शनने घाईघाईने खेळ समजावला. कुणीतरी डबा लपवतो, मोबाइलच्या नकाशावर खूण टाकतो, हौशी माणसं शोधत येतात, नाव लिहितात, एखादी वस्तू घेतात, एखादी ठेवतात. या डब्याच्या मालकाचा दोन महिने पत्ता नव्हता, म्हणून त्याने खेळ चालवणाऱ्यांकडून तो सांभाळायला मागून घेतला होता. शेंद्र्यातल्या कंपनीचा इंजिनिअर रविवारी ढोलीत हात घालत फिरतो, यात हसण्यासारखं पुष्कळ होतं. पण म्हातारी हसली नाही.

"पत्ता कसा लागंल? जालना रोडला ट्रकनं उडवलं माझ्या लेकराला."

पुढच्या रविवारी सुदर्शनने घट्ट झाकणाचा नवा डबा आणला. लपवणाऱ्याचं नाव त्याने आदिनाथ असंच राहू दिलं. कस्तुराबाईने ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग पिशवीतून एक निळा शर्ट काढला.

"ह्यो घाल आन् घरी चल."

"कशाला?"

"आमच्यात कोकरू मेलं का त्याचं कातडं पोरक्या कोकराला बांधत्यात. मेंढी वास घेती, आपलंच समजून पाजती. आमच्या म्हाताऱ्याला दिसत नाय. आदिनाथ गेला तवा दवाखान्यात व्हता. मी सांगितलंच नाय. कामाला गेलाय म्हनलं. आता पोरगं आल्याबिगर जेवायचा नाय म्हनतो."

"पण आजी, मी बोललो की कळेल."

"आदिनाथ कुठं लई बोलायचा? नुस्तं व्हय म्हन."

हे बरोबर नाही, हे सुदर्शनला कळत होतं. तरी त्याने शर्ट घातला.

घरी तिचे म्हातारे, मल्हारराव, बाजेवर बसले होते. "आला व्हय रं?"

"व्हय."

म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावरून, बाहीवरून हात फिरवला. मग आत हाक दिली, "चूल पेटव गं. पोरगं आलंय. तुझंबी ताट घे, संगं बसू."

कस्तुराबाईने भाकरी थापल्या. तिघं एकत्र जेवले. रविवारी आदिनाथ येणार या भरवशावर आता म्हातारा रोज दोन वेळा जेवू लागलाय, असं ती पुढच्या खेपेला कौतुकाने सांगत होती.

पाऊस त्या वर्षी आला नाही, दुसऱ्या वर्षीही धड आला नाही. हर्सूलच्या तलावाचा तळ उघडा पडला आणि प्लॉटवाल्यांचे झेंडे झाडीपर्यंत येऊन पोहोचले. एक झाड गेलं की सुदर्शन डबा आतल्या झाडात हलवायचा आणि नकाशावरची खूण दुरुस्त करायचा. लोक अजून येत होते, कीचेन, गोट्या, रंगीत बटणं ठेवून जात होते. आणि दर रविवारी तो निळ्या शर्टात जेवत होता.

त्याला त्या दोघांचा लळा लागला होता. म्हणूनच ते खोटं त्याला जास्त टोचायला लागलं. भोळ्या आंधळ्या माणसाला आपण फसवतोय, हे त्याच्याने सहन होईना.

एका रविवारी कस्तुराबाई घागर घेऊन टँकरवर गेली. सुदर्शन बाजेजवळ सरकला.

"मला एक सांगायचंय. मी..."

"तू आदिनाथ नायस," मल्हारराव म्हणाले. "म्हाईत हाय मला. पोरगं गेलं ते दवाखान्यातच कानावर आलं व्हतं."

सुदर्शनने विचारलं, "मग तुम्ही जेवत का नव्हता?"

बाहेर घागर टेकल्याचा आवाज झाला. म्हाताऱ्याने त्याचा हात घट्ट धरला आणि आवाज खाली आणला.

"तिच्यापुढं बोलू नको लेकरा. आदिनाथ गेल्यापास्नं तिनं चूल पेटवली नव्हती, अन्नाला धड शिवत नव्हती. म्हनून म्या उपाशी ऱ्हाऊन पोराचा हट्ट धरला. मला फसवायच्या नादात का व्हईना, चार घास खाती ती."